पस्तीस मिनिटांचं इंग्रजी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी शाळेत जा, एक इंग्रजी वाक्य तिथल्या प्रत्येक मुलाला न अडखळता येतं : ‘मे आय कम इन, सर?’ सरांच्या जागी बाई असल्या तर शेवटचा शब्द बदलतो, एवढंच. या वाक्यातलं ‘मे’ हे कसलं क्रियापद, ते कर्त्याच्या आधी का आलं, हे त्या मुलाला कुणी समजावलेलं नसतं. त्याने ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि ते म्हटल्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, हे त्याला ठाऊक असतं. हेच मूल पुढे काळाचे बारा प्रकार तक्त्यासकट पाठ करतं. पण ‘काल तू कुठे होतास?’ एवढं इंग्रजीतून विचारलं की खाली मान घालून उभं राहतं.

इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींची नावं पुष्कळ आहेत. व्याकरण-भाषांतर पद्धत, प्रत्यक्ष पद्धत, रचना पद्धत, संवादात्मक पद्धत. बी.एड.च्या परीक्षेत त्यांचे गुणदोष लिहून चांगले गुण मिळतात. वर्गात उभं राहिल्यावर मात्र एकच प्रश्न कामाचा असतो : आजच्या तासाला या मुलाचं इंग्रजीवाचून काही अडलं का? अडलं असेल आणि ते इंग्रजीनेच सुटलं असेल, तर मूल काहीतरी शिकलं. पद्धत कुठली होती हे नंतर बघता येईल.

आधी वेळेचा हिशेब मांडू. पस्तीस मिनिटांची तासिका आणि वर्षाचे साधारण 200 दिवस धरले तर 7,000 मिनिटं होतात, म्हणजे सुमारे 116 तास. पहिलीपासून दहावीपर्यंतचे सगळे मिळून बाराशेच्या आत. घरात दिवसाकाठी दहा तास मराठी कानावर पडणारं मूल तेवढी भाषा चार महिन्यांत ऐकतं. त्यातही या बाराशे तासांत खरं इंग्रजी किती? बऱ्याच वर्गांत धडा इंग्रजीत वाचला जातो, ओळीओळीचा अर्थ मराठीत सांगितला जातो, आणि उरलेला वेळ प्रश्नोत्तरं फळ्यावरून वहीत उतरवण्यात जातो. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षक निम्मा वेळ बोलले आणि उरलेल्या निम्म्यात एकेकाला पाळीपाळीने उठवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिटसुद्धा येत नाही.

2000 सालापर्यंत मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. त्या वर्षी, रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून आलं. त्यावरून वादही रंगला. पण विषय चार वर्षं अलीकडे ओढला म्हणून शिकवण्याची रीत बदलत नाही. ‘असर’ची देशभरातली ग्रामीण पाहणी हेच दाखवते. सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी पाचवीतली मुलं 2016 मध्ये 24.7 टक्के होती आणि 2022 मध्ये 24.5 टक्के. मधे कोरोनाने शाळा बंद होत्या हे खरं, पण 2016 चा आकडा कोरोनाच्या आधीचाच आहे. तेव्हाही पाचवीतल्या चारांपैकी तिघांना ती वाक्यं वाचता येत नव्हती.

या अडचणीचा पहिला नीट विचार आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणाधिकारी ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालच्या शाळांवरचं त्यांचं पुस्तक 1926 साली निघालं. त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली. बहुतेक मुलं शाळा मध्येच सोडतात, आणि इंग्रजीचा अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्या मूठभरांसाठी आखलेला असतो. वेस्टनी त्यासाठी विम्याच्या धंद्यातला शब्द उचलला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच सोडली तरी हातात काही रक्कम यावी, तसं चौथीत किंवा सातवीत शाळा सुटली तरी मुलाच्या पदरात वापरता येईल एवढं इंग्रजी पडलेलं असावं. नुसत्या पायाभरणीत सात वर्षं घालवली तर मध्येच गेलेल्याला पायाच्या खड्ड्याचा काय उपयोग?

त्यांनी शोधलेला उपाय होता वाचन. नेहमी लागणारे शब्द निवडायचे, त्या मोजक्या शब्दांत गोष्टी लिहायच्या आणि मुलांना भरपूर वाचू द्यायचं. त्यांच्या वाचनमाला भारतात पुढे बरीच वर्षं चालल्या. 1953 साली त्यांनी संपादित केलेली सुमारे दोन हजार शब्दांची यादी अजून अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या हाताशी असते. बोलण्याला वेस्टनी दुय्यम मानलं, ते आज पटणार नाही. त्यांच्या काळातल्या खेड्यातल्या मुलाला इंग्रजी बोलायला माणूसच भेटत नव्हता. आजच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्नच इंग्रजीत येतो. पण सरेंडर व्हॅल्यूची कसोटी मात्र प्रत्येक शिक्षकाने दर दिवाळीला लावून बघावी : आज हे मूल शाळेतून गेलं, तर त्याला इंग्रजीत काय करता येतं?

दुसरा मोठा प्रयोग बंगळूरचा. एन. एस. प्रभू तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात होते. दक्षिण भारतात त्या वेळी रचना पद्धतीचं राज्य होतं. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे लावायचे, रोज एक साचा घ्यायचा, तो मुलांकडून घोकून घ्यायचा. मुलं वर्गात साचे बिनचूक म्हणत आणि बाहेर एक वाक्य बोलत नसत. 1979 ते 1984 या काळात प्रभूंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेतल्या मोजक्या शाळांत याच्या उलट करून पाहिलं. साचे नाहीत, व्याकरणाचा तास नाही, शब्दांची यादी नाही. रोज एक कोडं, एक काम. रेल्वेचं वेळापत्रक, गावाचा नकाशा, एखाद्या कुटुंबाची माहिती, आणि त्यावर डोकं चालवून उत्तर काढायचं. प्रभूंचं म्हणणं असं की मुलाचं मन अर्थाच्या मागे लागलेलं असतं तेव्हाच व्याकरण आत रुजतं, मुलाच्या नकळत.

हे ऐकायला हवेतलं वाटतं, म्हणून एसटीच्या वेळापत्रकावर करून बघू. सहावीचा वर्ग, फळ्यावर तीन गाड्या. पहिली स्वारगेटहून 10.15 ला सुटते आणि साताऱ्याला 1 वाजता पोहोचते. दुसरी 11.30 ला सुटून 2.15 ला. तिसरी 12.30 ला सुटून 3.15 ला. पहिली दहा-बारा मिनिटं शिक्षक सगळ्या वर्गासमोर सोपे प्रश्न विचारतात. ‘व्हेन डझ द फर्स्ट बस लीव्ह?’ ‘व्हेन डझ इट रीच सातारा?’ ‘विच बस रीचेस आफ्टर थ्री?’ उत्तर एका शब्दात आलं तरी चालतं, नुसता आकडा आला तरी चालतं. मुलांना ‘डझ’ का आलं ते माहीत नसतं, पण ते दहा वेळा कानावरून जातं आणि दर वेळी त्याला अर्थ असतो.

मग खरं काम. आजीला साताऱ्यात तीन वाजता डॉक्टरांकडे जायचं आहे. स्टँडपासून दवाखाना चालत वीस मिनिटांवर. ‘विच बस शूड शी टेक?’ आता प्रत्येकाने आपापल्या वहीत उत्तर आणि कारण लिहायचं. तिसरी गाडी बाद, हे पटकन कळतं. दुसरी बरोबर बसते. पण एखादं हुशार पोर म्हणणार, ‘फर्स्ट बस. सेकंड बस लेट, देन नो डॉक्टर.’ एसटीचा अनुभव त्याला आहेच. या क्षणी शिक्षकाने व्याकरण काढू नये. एवढंच म्हणावं : ‘यू आर राइट. इफ द सेकंड बस इज लेट, शी विल मिस द डॉक्टर.’ मुलाने आपला मुद्दा मोडक्या इंग्रजीत मांडला आणि तोच मुद्दा लगेच सरळ इंग्रजीत कानावर आला. जर-तरचं वाक्य त्याला हवं होतं तेव्हाच ते मिळालं. नववीच्या व्याकरणाच्या पुस्तकात हेच वाक्य नियमासकट भेटेल, तेव्हा त्याला ते परकं वाटणार नाही.

काम किती अवघड असावं याला प्रभूंनी दिलेलं माप व्यवहारी आहे : निम्म्या वर्गाला निदान निम्मं काम जमलं पाहिजे. सगळ्यांना सगळं जमलं तर ते फार सोपं होतं. कुणालाच जमलं नाही तर उद्या सोपं करून पुन्हा घ्यावं. सामान शोधायला दूर जावं लागत नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर ‘व्हॉट डे इज दिवाळी?’ पासून ‘हाऊ मेनी संडेज आर देअर?’ पर्यंत तिसरीच्या मुलांना चार दिवस पुरतील एवढे प्रश्न निघतात. किराणा दुकानाची भावाची पाटी, क्रिकेटचा धावफलक, शाळेचं स्वतःचं वेळापत्रक, सगळंच चालतं. धावफलकावर तर मुलं शिक्षकांना शिकवतील. ‘नो बॉल’, ‘रन आउट’, ‘नॉट आउट’ हे इंग्रजी ती घरूनच घेऊन आलेली असतात.

प्रभूंच्या या बंगळूर प्रकल्पाचं मूल्यमापन 1985 मध्ये प्रसिद्ध झालं. निकाल प्रकल्पाच्या बाजूने झुकणारे होते, तरी मूल्यमापन कितपत काटेकोर होतं यावर पुढे तज्ज्ञांत बरीच चर्चा झाली. त्याहून मला प्रभूंची दुसरी एक गोष्ट विचार करायला लावते. गटकाम त्यांना फारसं मान्य नव्हतं. मुलं आपसांत बोलली तर एकमेकांचं चुकीचं इंग्रजीच ऐकणार, त्यापेक्षा शिक्षकांचं ऐकावं, असा त्यांचा हिशेब. तो अर्धा बरोबर आहे. नवीन भाषा कानावर पडते तेव्हा ती शिक्षकांकडून किंवा पुस्तकातूनच यावी. पण जी भाषा एकदा कानावर पडली, ती तोंडात बसवायला जोडीकाम हवंच. वरचा अर्ध्या मिनिटाचा हिशेब पुन्हा बघा. चाळीस मुलांच्या वीस जोड्या केल्या आणि आठ मिनिटं दिली, तर प्रत्येकाला चार मिनिटं बोलायला मिळतं. वर्गात गलका होईल. शेजारच्या वर्गाचे सर डोकावतील. डोकावू द्यावं.

आता मराठीचा प्रश्न. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायची नाही, हा नियम अजून पुष्कळ शाळांत आहे, आणि काही ठिकाणी त्यासाठी दंडही आहे. हे सरळ चुकीचं आहे. वेल्समध्ये सी. जे. डॉडसन यांनी 1967 साली द्वैभाषिक पद्धत मांडली. तिचं सार असं की नव्या वाक्याचा अर्थ मातृभाषेत एकदाच, झटकन सांगून टाकावा आणि वाचलेला वेळ ते वाक्य वापरण्यात घालवावा. ‘आय ॲम हंग्री’चा अर्थ पोट चोळून, भुकेल्या माणसाचं चित्र काढून पाच मिनिटं समजावण्यापेक्षा ‘मला भूक लागली’ असं एकदा म्हणावं. जर्मनीतले वोल्फगांग बुत्सकाम यांनी हेच तंत्र सँडविच या नावाने सांगितलं : आधी इंग्रजी, मग हळू आवाजात मराठी, लगेच पुन्हा इंग्रजी. शेवटी कानात इंग्रजी उरलं पाहिजे. ओळीओळीचं भाषांतर यात बसत नाही. तिथे शेवटी कानात मराठी उरतं, आणि इंग्रजी ओळ न ऐकताही काम भागतं हे मुलं पहिल्या आठवड्यातच ओळखतात.

‘पण आमचे आजोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरच इंग्रजी शिकले’, असं म्हणणारं कुणी ना कुणी भेटतंच. शिकले खरे. त्यांच्या वेळी हायस्कुलात गणित आणि इतिहासही इंग्रजीतून असायचा, कचेरी इंग्रजीत चालायची, अर्ज इंग्रजीत लिहावे लागायचे. दिवसभर इंग्रजीचं काम पडत होतं, आणि पाठमाला त्या कामाला मदत करत होती. ते वातावरण काढून घेतलं आणि नुसती पाठमाला ठेवली, तर उरतं ते आजच्या बऱ्याच वर्गांत दिसतंच.

पहिली-दुसरीच्या मुलांकडून लगेच बोलण्याची अपेक्षा धरू नये. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात कृतीतून प्रतिसादाची पद्धत मांडली. शिक्षक सांगतात आणि मुलं करून दाखवतात : ‘टच युवर नोज’, ‘पुट द स्टोन अंडर द चेअर’. मुलांनी तोंड उघडलं नाही तरी समजलं की नाही हे लगेच दिसतं. ‘अंडर’, ‘ऑन’, ‘इन’ हे शब्द याच खेळात बसावेत. मराठीत ‘टेबलावर’ म्हणताना ‘वर’ मागे चिकटतं, इंग्रजीत ते पुढे येतं. ही अदलाबदल समजावून कुणाला फारशी जमत नाही. दगड खुर्चीखाली ठेवून जमते.

आणि वाचन. फिजी बेटांवरच्या खेड्यातल्या शाळांमध्ये वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी केलेला प्रयोग 1983 साली प्रसिद्ध झाला. चौथी-पाचवीच्या वर्गांत इंग्रजीतली चित्रांची, गोष्टींची 250 पुस्तकं ठेवली. काही वर्गांत मुलं रोज गुपचूप वाचत, काही ठिकाणी शिक्षक मोठ्याने वाचून गोष्टीवर बोलत. तुलनेसाठी घेतलेले वर्ग नेहमीच्या घोकण्याच्या रीतीने शिकत राहिले. पहिल्या वर्षाअखेर पुस्तकं मिळालेल्या मुलांची वाचनातली प्रगती दुसऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाली, आणि दुसऱ्या वर्षी ती लिहिण्या-बोलण्यातही दिसू लागली. इंग्रजी न बोलणारी घरं आणि लहान गावं, म्हणजे परिस्थिती आपल्यासारखीच. आपल्याकडे 2015 पासून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर इंग्रजी-मराठी गोष्टी फुकट मिळतात, सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या लावून. एकच गोष्ट आधी मराठीत वाचून घ्यावी, दुसऱ्या दिवशी इंग्रजीत काढावी. काय घडणार हे माहीत असल्यामुळे मूल अनोळखी शब्दाला अडत नाही.

पुस्तकं मिळाली तरी ती कपाटात जातात, हा आपला जुना रोग. फाटतील, हरवतील, हिशेब द्यावा लागेल, म्हणून कुलूप. शाळेचं एखादं पुस्तक वाचून वाचून फाटलं, तर त्याबद्दल मुख्याध्यापकांनी शिक्षकांचं अभिनंदन करावं असं मला वाटतं.

चुकांबद्दल थोडं. मराठी मुलं ‘आय ॲम गो टू स्कूल’ म्हणतात, कारण ‘मी जातो आहे’मधला ‘आहे’ डोक्यात असतो. ‘अ’ आणि ‘द’ ती गाळतात, कारण मराठीत तसं काही नाही. या चुका वर्षानुवर्षं राहणार आणि त्याने फारसं बिघडत नाही. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा अभ्यास करून लिस्टर आणि रांटा यांनी 1997 मध्ये दाखवलं की शिक्षक बहुधा मुलाचं वाक्य दुरुस्त करून नुसतं परत म्हणतात, आणि तीच दुरुस्ती मुलांच्या सगळ्यात कमी लक्षात येते. एसटीच्या कामात आपण तेच केलं, आणि तिथे ते योग्य होतं, कारण तिथे मुद्दा महत्त्वाचा होता. पण नुकतीच शिकवलेली गोष्ट चुकली तर मुलाला स्वतः दुरुस्त करू द्यावी. ‘यस्टर्डे ही गो’ म्हटलं की ‘यस्टर्डे ही…?’ म्हणून थांबावं. आणि खरोखर थांबावं. अमेरिकेत मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आणि चांगली येऊ लागली. ती मुलं आपल्याच भाषेत उत्तर देत होती. परक्या भाषेत शोधणाऱ्याला पाच सेकंद द्यायला हवेत. वर्गात पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते, पण ती सहन करायला शिकता येतं.

शिक्षकांचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असेल तर? ही भीती पुष्कळांना असते आणि ती उघड बोलली जात नाही. महाराष्ट्र शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या ‘तेजस’ उपक्रमात शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटत, एकमेकांशी इंग्रजीत बोलत आणि वर्गात काय केलं ते सांगत. केंद्रशाळेतल्या पाच-सहा शिक्षकांना हे कुठल्याही प्रकल्पावाचून करता येतं. वर्ग चालवायला पन्नास-साठ वाक्यं अस्खलित आली तरी पुष्कळ होतं. तीच रोज, न कंटाळता, न भाषांतर करता वापरली तर मुलंही ती उचलतात, जशी ‘मे आय कम इन’ उचलली.

इतकं सगळं करूनही शेवटी परीक्षा येते, आणि मुलं तेच शिकतात जे परीक्षा विचारते. मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजीचे 80 गुण लेखी आणि 20 गुण शाळेच्या हातात. 2019 च्या परीक्षेला भाषांचे हे 20 गुण काढून घेतले, आणि राज्याचा दहावीचा एकूण निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. ओरड झाली, गुण परत आले. ते परत आले हे चांगलंच झालं, कारण मुलाला ऐकता-बोलता येतं का हे पाहायची दहावीतली तेवढी एकच जागा आहे. पण बऱ्याच शाळांत तोंडी परीक्षा म्हणजे पाठ केलेलं ‘माय सेल्फ’ आणि सगळ्यांना अठरा-एकोणीस गुण. शिक्षकांनी या वीस गुणांपैकी निदान दहा तरी मुलाने आधी न पाहिलेल्या वेळापत्रकावर, चित्रावर किंवा गोष्टीवर जोडीने बोलण्यासाठी ठेवावेत, आणि तसं जूनमध्येच वर्गाला सांगून टाकावं. त्यासाठी मंडळाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही.